सुगंधाने उघडलेली कडी

सुगंधा धुरी जळकी होती. हे तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण मुलुंडच्या त्या चाळीत नळावर येणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर सुगंधालाही ठाऊक होतं. लहानपणी कुडाळकडच्या गावात धाकट्या बहिणीला, जानकीला, नवं परकर-पोलकं शिवलं की ही रुसून जेवायचीच नाही. लग्न होऊन मुंबईत आली, तर शेजारणीच्या खोलीतली ट्यूबलाइट आपल्यापेक्षा पांढरी कशी, यावरून नवऱ्याशी भांडली. मनाची वाईट नव्हती हो! चाळीत कुणी आजारी पडलं तर पहिली पेज हिच्याच चुलीवरून जायची. पण आपलं ते आपलं. त्याला दुसऱ्याचा हात लागलेला तिला खपत नसे.

नवरा तिला मिळाला देवमाणूस. अनंत भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. वडील गिरणीत होते, ते संपानंतर गावी परतले, हा इथेच राहिला. दारू नाही, तंबाखू नाही, पगार आणून बायकोच्या हातात. एकच नाद होता त्याला, डोंगरांचा. रविवार उजाडला की पाठीला सॅक लावून निघालाच. त्यांचा एक ग्रुप होता, भीमराज नावाचा धिप्पाड माणूस त्याचा म्होरक्या. हा भीमराज बोलायला लागला की समोरच्याचे कान बसायचे. सुगंधाने डोंगरांवर कधी राग धरला नाही. डोंगर काही नवरा पळवून नेत नाहीत, असं ती म्हणायची.

पण एकोणनव्वद सालच्या थंडीत घरात छत्री आली आणि तिथून सगळी वाट लागली.

छत्री म्हणजे पॅराग्लायडर. कुणी फ्रेंच माणूस मायदेशी परतताना ती ग्रुपला देऊन गेला होता. भीमराजच्या घरी घुशी फार, त्या कापडाच्या चिंध्या करतील, म्हणून ते भलंमोठं बोचकं अनंतच्या एका खोलीत आलं. चाळीत कुणालाच ते नाव उच्चारता येईना, म्हणून सगळ्यांनी तिला छत्री म्हणायला सुरुवात केली.

"तुमी ह्या काय हाडलात?" सुगंधा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या लोणच्याच्या बरण्यो खंय ठेवू? तुमच्या डोक्यार?"

"अगं, माळ्यावर राहील ती. जपून हात लाव हां, नाजूक असते," अनंत म्हणाला, आणि ज्या हळुवार हाताने त्याने ते बोचकं माळ्यावर सरकवलं ते बघून सुगंधाचा जळफळाट झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आपल्याला कधी असं उचललं नाही मेल्याने!

मग रोज जेवताना छत्रीचं पुराण सुरू झालं. आमटी गार व्हायची, पण अनंतचं तोंड थांबायचं नाही. वर ते मोठं कापड, त्याला बारीक बारीक दोऱ्या, सगळ्या दोऱ्या खाली येऊन चार स्टीलच्या कड्यांत जमतात. त्या कड्या दोन पट्ट्यांना, आणि पट्ट्यांत माणूस. म्हणजे वर सगळं आभाळ आणि खाली अनंत धुरी, मध्ये बोटभर चार कड्या.

"ह्या कडीला एक तोंड असतं बघ," तो भाताच्या ढिगावर बोटाने चित्र काढायचा. "दोऱ्या आत घालायच्या आणि ह्या तोंडावरून नट फिरवत न्यायचा. आधी बोटांनी, मग पान्याने अगदी जरासा. जास्त पिळला तर आटे मरतात, कमी राहिला तर सैल होत जातो. नट पूर्ण पलीकडे जाऊन बसला पाहिजे. तोंड बंद असलं तर हत्ती टांग, काही होणार नाही. पण अर्धवट राहिलं ना, तर कडी उघडते. केळ्याच्या सालासारखी उघडते. वरून रबराची रिंग चढवायची, म्हणजे दोऱ्या जागच्या हलत नाहीत. ती आम्ही सायकलच्या ट्यूबची कापतो. झकास बसते."

"आणि ता बंद कोण करता? तुमी?"

"छे! ज्याने उडायचं त्याने स्वतःच्या कड्या बंद करायच्या नाहीत, भीमराजचा कायदा आहे. आपण केलेल्या कामात आपल्यालाच खोट दिसत नाही. माझ्या कड्या विमला बंद करते."

सुगंधाचा घास हातातच राहिला.

विमला कोण, हे पुढच्याच रविवारी सकाळी कळलं. दारात एक मुलगी उभी. मुलगी कसली, तिशीची घोडी होती. केस कापलेले, पायात पॅन्ट, घाटकोपरला राहणारी, टेलिफोन ऑपरेटर. आणि दारातूनच हाक काय मारते? "अन्या, आटपलं का रे?"

अन्या! सुगंधाने लग्नात उखाण्यात एकदा काय ते नवऱ्याचं नाव घेतलं होतं, आणि ही बया सगळ्या चाळीसमोर त्याचा अन्या करून मोकळी! बरं, तो तरी चिडावा की नाही? "आलो गं" म्हणत हसत हसत बोचकं उचलून निघाला. विमलाने सुगंधाला "येते हं वहिनी" म्हटलं. सुगंधाने हसल्यासारखं केलं आणि दार असं लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. तो तिच्याबरोबर हिंडतो याचं तिला एवढं काही नव्हतं. अनंतवर तिचा भरवसा होता, तो वाकड्या चालीचा नव्हताच. तिला खुपत होतं ते दुसरंच. नवऱ्याचा जीव त्या चार कड्यांत आणि त्या कड्यांना हात तिचा. मंगळसूत्र माझ्या गळ्यात आणि नवरा सुखरूप राहायचा तो तिच्या बोटांवर! दुपारी भांडी घासताना हे मनात आलं की सुगंधा कढईला अशी घासायची की बिचारी कढई पांढरी पडायची.

आणि मग तिला दोरा आठवला. माहेरच्या ग्रामदेवीचा, सातेरीचा काळा दोरा. आईने जत्रेतून खास जावयासाठी पाठवला होता. तो तिने अनंतच्या दंडाला बांधायचा प्रयत्न केला, पण त्याने हात काढून घेतला. "नको गं. भीमराज घड्याळसुद्धा काढायला लावतो, कुठे अडकायला नको म्हणून. दोरा बघितला तर सगळ्यांसमोर माझी पूजा करेल." म्हणजे देवीचा दोरा नको, आणि त्या केसकापीचा हात चालतो! सुगंधा त्याला काहीच बोलली नाही. ती बोलली नाही की समजावं, काहीतरी शिजतंय.

शनिवारी अनंत कामावर गेला, आणि दुपारी तिने स्टुलावर चढून छत्रीचं बोचकं खाली ओढलं. पट्टे सापडले, कड्या सापडल्या. नवऱ्याच्या पेटीतून पाना घेतला, एका कडीवरची रबराची रिंग मागे सारली आणि नट उलटा फिरवला. आत बारीक आटे दिसले. त्या आट्यांवर तिने देवीचं नाव घेत काळा दोरा गुंडाळला, चांगला घट्ट, आणि वरून नट पुन्हा चढवला. तो अर्ध्यावर येऊन अडला. तिने पान्याने जोर लावला. नट कुरकुरला, थोडा सरकला आणि मग तसूभरही हलेना. चांगला घट्ट बसलाय, तिला वाटलं. वरून रिंग ओढून घेतली. बाहेरून काय, काहीच दिसत नव्हतं. सातेरी आत बसली होती आणि वर विमलाची रिंग होती. आता करू दे म्हणावं तिला काय बंद करायचंय ते! सुगंधा कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणत चहा प्यायली.

केवढी मोठी चूक आपण करून ठेवली, याची तिला गंधवार्ताही नव्हती. नट अडतो म्हणजे घट्ट बसतो, एवढंच तिला ठाऊक. खालच्या दोऱ्याने तो अडलाय, तोंड अर्धं उघडंच आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. जेवताना नवरा सांगत होता तेव्हा तिचं लक्ष कड्यांकडे कुठे होतं? ती त्याच्या तोंडात विमलाचं नाव कितीदा येतं तेवढंच ऐकत होती.

रविवारी ती पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेली. नवरा उडतो कसा ते बघायचंय म्हणाली. अनंतला एवढा आनंद झाला की त्याने तिचा डबासुद्धा स्वतः उचलला. मुलुंडच्या वस्तीमागच्या टेकडीवर गवताचा उतार होता, तिथून उडायचं आणि खालच्या मैदानात उतरायचं. वारा बरा होता. कापड गवतावर पसरलं, अनंतने पट्टे चढवले. आणि विमला गुडघ्यांवर बसून कड्या बघायला लागली.

सुगंधा बाजूला उभी राहून तिला नखशिखान्त न्याहाळत होती. पहिली कडी, दुसरी कडी. विमला डोळे मिटून बोटांनीच चाचपत होती. काय नखरे! तिसऱ्या कडीला तिची बोटं थांबली. तिने डोळे उघडले. रबराची रिंग जरा तिरकी होती. तिने ती मागे सारली आणि कडीच्या तोंडावरून नख फिरवलं.

"अन्या, हलू नकोस," ती हळूच म्हणाली. पान्याने नट मागे घेतला. काहीतरी बाहेर काढलं आणि मूठ मिटली. मग तिने मान वर करून एकदाच, एकदाच फक्त, सुगंधाकडे बघितलं.

त्या नजरेने सुगंधाला सगळं कळलं. आपण काय केलं तेही कळलं आणि आत्ता नवऱ्याचं काय होणार होतं तेही.

"काय झालं?" भीमराज ओरडत आला.

"ही कडी अर्धीच बंद होती," विमला म्हणाली. "गेल्या रविवारी दोऱ्या सोडवल्या तेव्हा मीच लावली होती. चूक माझी."

मग जे काही झालं ते ऐकवत नाही. भीमराज टेकडीभर ओरडत होता. माणूस मेला असता! झोपेत काम करतेस का? आजपासून तुझा हात ह्या सामानाला लागायचा नाही! विमला खाली मान घालून उभी. आणि सुगंधा? तिच्या ओठांवर आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. पण अनंत तिच्याचकडे बघत होता. त्याच्यासमोर? ह्या सगळ्यांसमोर? ती गप्प बसली. भीमराजने चारी कड्या स्वतः पुन्हा बंद केल्या, दोघांनी तपासल्या. अनंत उडाला, खाली मैदानात नीट उतरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विमलाने पण वाजवल्या आणि मग ती एकटीच टेकडी उतरून निघून गेली.

म्हणजे सुगंधा जिंकली की! जे हवं होतं ते पदरात पडलं. वर अनंत म्हणाला, "आता तूच शिक ना कड्या बंद करायला. घरचं माणूस बरं. भीमराजला मी विचारतो, तो बघेल तुझं काम." ही गोष्ट कानावर पडायला तिने केवढे नवस केले असते! आणि आता ऐकून तिने दोन्ही हात पदराखाली लपवले. पुढच्या रविवारी ह्या माणसाचा जीव खरोखरच आपल्या बोटांवर असणार होता, आणि आपल्या बोटांना काय येतं ते तिने बघितलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे त्या आठवडाभर अनंतच्या डोक्यातून विमला जाईना. दात घासताना थांबायचा. "विमला चुकली? विमला?" चहाचा कप हातात घेऊन बसायचा. "कधी चुकली नाही गं ती. तिच्या घरी काही झालं असेल का? तब्येत बरी नसेल?" रात्री झोपेतही तेच. पूर्वी विमलाचं नाव दिवसातून एकदा यायचं, आता घासाघासाला यायला लागलं. सुगंधाच्या मनात आग पेटली. अपराधाची टोचणी होतीच हो, खोटं कशाला बोला! पण टोचणी ती सोसत होती. नवऱ्याचं हे हळहळणं मात्र तिला सोसवेना.

शुक्रवारी कामावरून आल्यावर त्याने पट्टे खाली काढले आणि तिला शिकवायला बसला. "हे बघ, आधी फक्त बोटांनी. विमला डोळे मिटून फिरवायची, म्हणजे आटा चुकीचा लागला तर बोटांना कळतं. आता पाना. विमला म्हणायची, पाना दोन बोटांत धर, मुठीत धरलास की जोर जास्त जातो. आणि शेवटी नख फिरवून बघायचं, आटा उघडा लागता कामा नये. विमला तर..."

"विमला, विमला, विमला!" सुगंधाने कडी जमिनीवर आपटली. "ती चुकूक नाय! मी केलंय ता! ती कडी मी उघडलंय. सातेरीचो दोरो आत गुंडाळलंय. कळला? आता तिचो इचार करू नकात!"

बाहेर कुणाची तरी बादली नळाखाली भरत होती. अनंत त्या कडीकडे बघत राहिला. मग त्याने ती उचलली, तिच्या आट्यांवरून नख फिरवलं आणि ती जपून खाली ठेवली.

"का?" एवढंच म्हणाला.

"तुमका काय होवक नको म्हणून," सुगंधा म्हणाली, आणि मग अर्धं खरं बोलून चालणार नाही हे तिचं तिलाच कळलं. "आणि तिचो एकटीचो हात नको म्हणून."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खुंटीवरचा शर्ट काढला, पायात चपला सरकवल्या.

"खंय चाललात?"

"घाटकोपरला. विमलाकडे. तिची माफी मागायला नको?"

घ्या! ज्या बाईचं नाव नवऱ्याच्या तोंडातून जावं म्हणून एवढं सांगून टाकलं, तिच्याच घरी तो निघाला, आणि पाठवलं कुणी? आपणच. सुगंधाने पदर खोचला, दाराला कुलूप ठोकलं आणि जिन्यावरून ओरडली, "थांबा! एकट्यान जावचा नाय. मी पण येतंय!"

बसमध्ये तो पुढे बसला, ही मागे. घाटकोपरला उतरल्यावरही तो चार पावलं पुढेच.

विमलाने दार उघडलं. घरच्या साडीत होती, हात पिठाचे. दोघांना बघून बाजूला झाली. अनंत तोंड उघडणार, तेवढ्यात सुगंधाने त्याला कोपराने मागे सारलं. इथे तरी पहिला मान तिचा होता.

"दोरो माझो होतो," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," विमला म्हणाली. "काढला मीच ना."

"मग बोलली का नाहीस?" अनंत जवळजवळ ओरडलाच. "आठवडाभर माझं डोकं फिरायची पाळी आली! भीमराजच्या तेवढ्या शिव्या खाल्ल्यास!"

"कधी बोलणार होते? तू पट्टे बांधून उभा होतास," विमला म्हणाली. "तेव्हा सांगितलं असतं तर तू वर जाऊन वाऱ्याकडे बघितलं असतंस की बायकोवर चिडला असतास? डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला मी नाही सोडत."

"आणि नंतर?"

विमलाने हाताचं पीठ झटकलं. "नंतर काय? नवऱ्याला सांगायचं ते बायकोने सांगावं. मी कोण मध्ये?"

सुगंधाने तिच्याकडे बघितलं. कापलेले केस, पॅन्ट, अन्या म्हणून मारलेली हाक, यांच्यावर ती इतके दिवस जळत होती. ते सगळं ह्यापुढे काहीच नव्हतं. एवढी गोष्ट मुठीत धरून ही बाई आठवडाभर गप्प बसली! आपल्याला एक नाव सहन झालं नाही. असा हेवा सुगंधाला जन्मात कधी वाटला नव्हता, जानकीच्या परकराचा पण नाही.

"माका तू शिकव," ती एकदम म्हणाली. "ह्यांच्याकडसून नको. हे शिकवतत तेवा दर वाक्याक तुझांच नाव येता."

विमलाला असं हसू फुटलं की पिठाचा हात तोंडावर धरून ती खुर्चीत बसली. अनंतही शेवटी हसला. सुगंधा तेवढी हसली नाही. तिला ते हसणंही आवडलं नाही. मेली फारच छान हसत होती.